डाव्या गुडघ्याचा फणस

निवृत्त झालो त्याच वर्षी मी आरोग्यविमा बंद केला आणि हप्त्याच्या पैशांतून सागवानी झोपाळा घेतला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच झोपाळ्यावरून पडून माझा उजवा हात मोडला.

ह्यात समजायला अवघड असं काही नाही. तरी मी ते बऱ्याच लोकांना बऱ्याच प्रकारांनी समजावून सांगितलेलं आहे. स्लॅबमधली कडीच कच्ची होती. दुकानदारानं साखळी लांब दिली. बायकोनं नेमकी त्याच वेळी चहाला हाक मारली. विम्याबद्दलही माझ्याकडे उत्तर तयार होतं: मला काय धाड भरली होती? साखर जरा वर होती एवढंच. कारखान्याचा विमा नोकरीबरोबर संपतो. तो स्वतःच्या नावावर पुढे चालवायची सोय असते, पण त्या हप्त्याचा आकडा बघून मला कारखान्यात कधी आला नव्हता एवढा घाम आला. एवढे पैसे आजारी न पडण्यासाठी कोण भरतो? त्यापेक्षा झोपाळा. झोपाळा दिसतो तरी.

झोपाळा वरच्या मजल्यावर टांगला होता. महाडात आम्ही किमती वस्तू तळमजल्यावर ठेवत नाही. सावित्री नदी पावसात कधी दाराशी येऊन विचारपूस करेल, नेम नसतो. वरच्या मजल्यावरून पडलो, असं पुढे गावात पसरलं, ते अर्ध्या ऐकीव माहितीवर. मी वरच्या मजल्यावर पडलो. फरक आहे.

प्लास्टरमधला हात बघायला लोक येत, हळहळत आणि बिस्किटं खाऊन जात. मामा आले ते हाताकडे न बघता थेट जिना चढून झोपाळ्यापाशी गेले. कडी बघितली, साखळी ओढून बघितली.

"केवढ्याला?"

मी आकडा सांगितला.

"आणि हप्ता केवढा व्हता?"

तोही सांगितला.

"झोपाळ्याची पावती हाय?"

"पावती कशाला?"

"दवाखान्यात दाखव. सांग, हाच माझा विमा. हितंच टांगा."

हे बोलताना ते हसले नाहीत. मामा विनोद करत नसत. त्यांना ते तसंच वाटत असे.

मामा आमच्या कारखान्याचे स्टोअरकीपर. एमआयडीसीतला रसायनांचा कारखाना. मी त्याच्या अकौंट्समध्ये होतो. वयानं ते माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनीच मोठे, पण गेटवरच्या वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत, आणि त्यांच्या बायकोला, कधी बघितलेलं नसतानाही, मामी. बुटका, काटकुळा माणूस. शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं, त्यातलं एक संपलेलं. संपलेलं कशाला बाळगता, असं मी एकदा विचारलं.

"नवं मागायचं झालं तर जुनं दाखवायला नको?"

"मागणार कोणाकडे? पेनं तुमच्याच ताब्यात."

"म्हणून तर. मी काय मला सोडीन?"

जुना आणा, नवा न्या, हा त्यांचा कायदा. बल्ब, झाडू, हातमोजे, काहीही असो. एक ऑपरेटर पावसात सेफ्टी शूजमधला एक बूट हरवून आला, तर मामांनी त्याला एकच नवा बूट दिला. तो बिचारा वर्षभर एक पाय काळा नि एक तपकिरी असा हिंडला. नवीन मॅनेजरनं खुर्ची बदलून मागितली तेव्हा मामा स्वतः त्याच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "उठा." जुनी खुर्ची उचलून स्टोअरमध्ये जमा केली, मग नवी शोधायला लागले. मॅनेजर तोपर्यंत उभ्यानं फोनवर बोलत होता. मुलाच्या लग्नात तर ते स्वतः कोल्ड्रिंकच्या क्रेटपाशी उभे होते. रिकामी बाटली आणल्याशिवाय भरलेली मिळत नव्हती. पहिली बाटली कशी मिळवायची ह्यावर व्याह्यांकडच्या मंडळींची मांडवात बैठक झाली.

ह्या कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मामांना नवा माल द्यायचं जिवावर येई. रॅकवर कोऱ्या रबरी हातमोज्यांची खोकी त्यांनी इतकी जपली, इतकी जपली, की शेवटी रबर वितळून मोजे एकमेकांच्या हातात हात घालून बसले. ते फेकताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. मामांनी घड्याळ परत केलं आणि भंगारात निघालेल्या रॅकच्या पत्र्याच्या पाट्या मागितल्या. त्या पाट्यांचं काय करणार, हे आम्हाला पुढच्या वर्षी त्यांच्या वाडीवर गेल्यावर कळलं.

पोलादपूरहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं, की घाट चढायच्या आधी आत डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी. आंबे, काजू, फणस, दोनचार नारळ. प्रत्येक झाडाला तारेनं एक पाटी बांधलेली. वर ऑइलपेंटनं, स्टोअरच्या त्या ठसठशीत अक्षरांत: डोळे. दात. पाठ. आंब्याच्या एका जुन्या झाडावर: काळीज. आणि घरामागच्या दोन फणसांवर: गुडघा उजवा, गुडघा डावा.

"हे काय, मामा?"

"हप्ता," मामा म्हणाले.

आमच्या भागात एखादं झाड देवाला सोडायची रीत आहे. एकदा सोडलं की त्याचं फळ घरात खायचं नाही. विकून येईल ते देवाच्या कामाला. शेजारीपाजारीही त्या झाडाला हात लावत नाहीत. मामांचं म्हणणं एवढंच होतं, की देवाला सोडता येतं तर गुडघ्याला का नाय? प्रत्येक झाडाचं उत्पन्न वेगळं राहायचं आणि जूनमध्ये विम्याचा हप्ता त्यातून भरायचा. हप्ता भरून आले, की त्याच पावसात आणखी एक रोप लावायचं. वाडीतल्या लोकांना ह्यात काही वावगं वाटत नसे. ते सरळ म्हणत, "मामांच्या डोळ्यांना औंदा चांगला मोहोर हाय," किंवा "मामा, काळजावर मुंगळे चढलेत, बघा जरा."

मी अकौंट्सवाला. मला हे बघवेना. मी त्यांना समजावायला बसलो, की एवढा खटाटोप करण्यापेक्षा बँकेत ठेव ठेवा, व्याजातून हप्ता भरा.

"व्याज दरसाल मोठं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. ठरलेलं असतं."

"आणि हप्ता?"

"तो वाढतो. वयाबरोबर. साठीला एक उडी, पासष्टीला दुसरी."

"मग अकौंटवाल्या, वाढत्या अंगाच्या पोराला एकच चड्डी किती वर्षं घालशील?"

मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे, पण झाडाला वादळ लागतं, कीड लागते. ते म्हणाले, म्हणून तर दरसाल एक नवं. त्यांना त्यांचं गणित पक्कं वाटत होतं आणि मला माझं. माझ्या गणितानं पुढे काय दिवे लावले, ते वर आलंच आहे.

तर मी हात गळ्यात बांधून बसलेलो असताना मामा आले ते नुसते झोपाळा बघायला आले नव्हते. मामींचे गुडघे गेले होते. डावा फारच. विहिरीवरून घरापर्यंत यायला त्यांना मध्ये तीनदा टेकावं लागे. मुलगा डोंबिवलीला असतो. त्यानं तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं होतं.

"आठ-पंधरा दिवस लागतील," मामा म्हणाले. "वाडीवर कुणी नाय. वानरं सगळं खाऊन टाकतील. तुझा हात मोडलाय, डोळे तर हायत ना? ये राखणीला."

आमच्या हिला माझं घरात बसणं एव्हाना पुरे झालं होतं. तिनं माझी पिशवी भरूनच ठेवली.

जाताना मामांनी मला सगळं नीट सांगितलं होतं, हे मला कबूल केलंच पाहिजे. डॉक्टर बहुतेक जुलैची तारीख देतील. विमा जूनमध्ये संपतो. मामांनी सत्तरी ओलांडलेली, त्यामुळे हप्त्यानं औंदा अशी उडी मारलेली की काजू नि आंबा विकूनही खाच उरलीच होती. ती भरायची होती डाव्या गुडघ्यानं. ते झाड अस्सल काप्याचं, घट्ट कोरड्या गऱ्यांचं, बुंध्यापासून लगडलेलं; पोलादपूरच्या फणसवाल्यानं विसारही दिला होता. घाटात जाणाऱ्या गाड्या त्याच्या टपरीपाशी थांबतात आणि डाव्या गुडघ्याचे गरे मागतात. हप्ता चुकला, मुदतीनंतर मिळते ती सवलतही टळली, की विम्यात खंड. मग सगळं पहिल्यापासून, आणि सत्तरीच्या माणसाचं पहिल्यापासून करायला कुठलीही कंपनी उत्सुक नसते.

"ध्यानात आलं?" मामांनी विचारलं.

"आलं," मी म्हणालो. आणि आलंही होतं.

पहिले चार दिवस मी आदर्श राखणदार होतो. पडवीत बसायचो, डाव्या हातानं पत्र्याचा डबा बडवायचो, वानरं समोरच्या ऐनाच्या झाडावर बसून माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायची. पाचव्या दिवशी मला कंटाळा आला आणि मी कारखान्यातल्या जुन्या मंडळींना फोन केला.

पाचजण आले गाडी करून, सोबत कोंबडी घेऊन. जेवण झाल्यावर घरामागून तो वास आला. कापा फणस झाडावर पिकला की त्याचा वास माणसाला हाताला धरून नेतो. उजवा गुडघा बरका, म्हणजे लिबलिबीत गऱ्यांचा, आणि अजून कच्चा. डाव्याचा पहिलाच फणस हाताशी होता.

"ही पाटी कसली रे?" एकानं विचारलं.

"मामांची गंमत," मी म्हणालो. "एखाद्यानं काय होतंय? काढ."

एखाद्यानं खरंच काही झालं नसतं. पण दुसऱ्याच्या झाडाखाली उभं राहून यजमान होण्यात एक नशा असते, ती मला त्या दुपारी चढली. तो घे रे, तुझी मुलं येतात ना सुट्टीत. अरे दोन ने, वहिनींना आवडतात. गाडीची डिकी भरली, मागची सीट भरली, एक फणस पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवला. मी प्लास्टरचा हात हलवून सगळ्यांना निरोप दिला. वानरं ऐनावरून सगळं बघत होती. त्यांच्यातल्या एकानंही डाव्या गुडघ्याला हात लावला नव्हता.

मामा-मामी परतले ते दहाव्या दिवशी संध्याकाळी. मामी मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन पायरी चढल्या, टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भावजी, घरामागं उजेड कसा काय दिसतो? वानरं आली व्हती काय?"

"आली होती," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. "मोठा कळप. मी एकटा, त्यात हा हात..."

मामी बसल्या जागेवरून पडवीच्या कोपऱ्याकडे बघत होत्या. तिकडे सूप होतं. फणस खाल्ल्यावर आठळ्या टाकून द्यायला जिवावर आलं, म्हणून मी त्या धुऊन सुपात वाळत घातल्या होत्या. आमच्या हिला आमटीत आवडतात.

"वानरं शिकली गो बाय," मामी म्हणाल्या. "आठळ्या धुऊन सुपात वाळत घालतात."

मुलगा तोंड फिरवून आत गेला. मामा घरामागं जाऊन आले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते समोर येऊन बसले आणि म्हणाले, "अकौंटवाल्या, हिचा गुडघा खाल्लास."

मी घाईघाईनं म्हटलं, मामा, जे काय होईल ते मी देतो. आत्ता देतो. बँकेत आहेत.

"पैसे नको. फणस आण. जेवढं गेलं तेवढं. कापं."

"अहो, पैसे आणि फणस एकच."

"एक नाय. तुझ्या पैशानं हप्ता भरला तर गुडघा तुझा झाला. हिनं उठताबसता तुझी आठवण काढायची काय?"

"नको बाबा," मामी कळवळून म्हणाल्या, "त्यापरीस दुखलेला बरा."

मुलगा म्हणाला, "पप्पा, मी भरतो ना, टेन्शन कशाला घेता?" मामांनी त्याला खोलीचा हप्ता, गाडीचा हप्ता आणि पोरांच्या शाळेची फी एकापाठोपाठ एक विचारली. त्यानं उत्तरं दिली आणि पिशव्या आत न्यायला लागला.

अशा रीतीनं, मोडलेल्या हातानं, मे महिन्याच्या शेवटी मी फणस गोळा करायला निघालो. तीनचाकी मिनीडोर टेम्पो ठरवला. ड्रायव्हर विचारायचा, "लग्न हाय काय?" मी म्हणायचो, "गुडघा आहे." मग त्यानं विचारायचं सोडलं.

ज्यांना मी उदारपणे वाटले होते त्यांच्याकडे आधी गेलो. त्यांनी खाल्ले होते आणि फार छान होते असं सांगितलं. दासगावच्या एकानं आपल्या परसातले दिले, ते सगळे बरके निघाले. नाते गावात एका म्हाताऱ्या काकींचं नावाजलेलं काप्याचं झाड होतं. काकी म्हणाल्या, खालचे गेले, वरचे हायत, चढून काढ. मी पदर खोचल्यासारखा लेंगा खोचला आणि एका हातानं बुंध्याला मिठी मारली.

"थांब रे," काकी म्हणाल्या. "माझा पोरगा मुंबईला विम्याचं काम करतो, म्हणून इचारते. विमा हाय तुझा?"

"नाही, काकी."

"मग उतर खाली. मेलास तर माझ्या दारात नको."

त्यांनी शेजारच्या माणसाला चढवलं. तो वरून विचारत होता, "काकी, माझापण नाय, चालंल ना?" काकी म्हणाल्या, "तुला अक्कल हाय."

फणसाच्या चिकानं माझं प्लास्टर असं माखलं की त्याला मिनीडोरमधलं गवत, मुंग्या आणि एका तिकिटाचा तुकडा चिकटला. महाडच्या डॉक्टरांनी ते कापताना आधी वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं, आणि कंपाउंडरला म्हणाले, "कात्रीला खोबरेल लाव."

मामा पडवीत स्टूल टाकून माल तपासायला बसत. प्रत्येक फणसावर बोटांच्या पेरांनी टकटक करत, कान लावत, काटे दाबत. कापा असला की डावीकडे. बरका असला की "रिजेक्ट", उजवीकडे. मी म्हणायचो, मामा, न फोडता कसं कळतं? ते म्हणायचे, "तू आणलायस म्हटल्यावर आधी बरकाच धरायचा." उजवीकडचा ढीग मोठा होत गेला. जून लागला, ढग भरून यायला लागले, फणसवाला दोनदा टेम्पो घेऊन येऊन परत गेला.

त्या नापास ढिगाकडे मामी तीन दिवस नुसत्या बघत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी बसल्या बसल्या एक फणस पुढ्यात ओढला, विळीला तेल लावलं आणि मला म्हणाल्या, "गरे चाळा, भावजी. डावा हात तर हाय." बरक्याचा रस काढून, साखर घालून त्यांनी ताटांत, परातीत, शेवटी मामांच्या पत्र्याच्या उरलेल्या कोऱ्या पाट्यांवर पानं अंथरून फणसपोळ्या घातल्या. ऊन निघालं की मी पाट्या बाहेर, ढग आला की मी पाट्या आत. पावसानं त्या आठवड्यात आम्हाला सवलत दिली. फणसवाल्यानं कापे फणस नेले, आणि फणसपोळी तोंडात टाकल्यावर त्यानं ती काप्यांपेक्षा चढ्या भावानं उचलली.

खाच भरली. वर थोडं उरलं. मामांनी पैसे तीनदा मोजले. रिजेक्ट केलेला माल पास मालापेक्षा महाग गेला, हे त्यांच्या उभ्या नोकरीत घडलं नव्हतं. मी मात्र खुशीत येऊन म्हणालो, "म्हणजे एका परीनं माझ्यामुळेच..." मामींनी विळी पुसता पुसता माझ्याकडे बघितलं आणि ते वाक्य आजतागायत अर्धंच राहिलं आहे.

मामा महाडला एजंटकडे स्वतः येऊन हप्ता भरून गेले. मी सोबत होतो. संपलेल्या पेनानं आधी सही करून बघितली, मग दुसरं काढलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मामांच्या रॅकवर आता दोन नवे कोरे गुडघे आले होते आणि ते काढून द्यायचं त्यांच्या जिवावर यायला लागलं.

"चालते तर हाय अजून," ते म्हणायला लागले. "पावसाळा जाऊ दे. गणपती जाऊ देत. एकदा वापरलं की संपलं." मुलाचे फोन येत, मामा दारात जाऊन रेंज नाही म्हणत. जुलैची तारीख जवळ आली. मी एक दिवस मुद्दाम गेलो, की माझ्या शब्दाला काही वजन असेल. नव्हतं.

मामी चुलीपाशी होत्या. त्या भिंतीला धरून उठल्या, एक एक पाऊल टाकत पडवीत आल्या, मामांच्या समोर दुसरं स्टूल ओढलं, बसल्या, आणि डावा पाय उचलून मामांच्या मांडीवर ठेवला. लुगडं गुडघ्याच्या वर सरकवलं. सुजून भोपळ्यासारखा झालेला गुडघा.

"हा घ्या जुना," मामी म्हणाल्या. "आता नवा काढा."

मामांनी त्या गुडघ्याकडे बघितलं. माल तपासावा तसा हात ठेवला, पण टकटक केलं नाही. हात तसाच राहिला. बाहेर पाऊस कौलांवर वाजत होता, मला खोकला आला होता आणि मी तो दाबून धरला होता. मग मामा खिसा चाचपत उठले आणि मुलाला फोन लावला. रेंज होती. "तारीख सोडू नको," एवढंच म्हणाले.

गणपतीत मी गेलो तेव्हा डाव्या गुडघ्याच्या पाटीवर, खाली, ताज्या ऑइलपेंटनं एक शब्द वाढला होता: दिला. उजव्यावर तो पुढच्या वर्षी आला.

मामांनी स्वतःसाठी त्या विम्यातलं कधी काही काढलं नाही. गेल्या वर्षी काजूच्या मोसमात दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. आम्ही जमलो तेव्हा मामी म्हणाल्या, "सगळा माल कोरा ठेवून गेलं. त्या हातमोज्यांसारखा." आणि रडता रडता हसल्या, मग आम्हालाही जमलं. काळजाच्या आंब्याची पाटी त्यांनी काढली नाही. त्याचे आंबे आता त्यांच्या एकटीच्या हप्त्यात जातात.

माझं म्हणाल तर, झोपाळा विकला. विमा पुन्हा घेतला. मिळाला, पण कंपनीनं माझ्याकडे नाकाला पदर लावून बघितलं. साखरेसाठी इतकी वर्षं थांबा, सांध्यांसाठी तितकी थांबा, बिलातला एवढा वाटा तुमचा, आणि हप्ता असा की पहिला सोडलेला हप्ता आठवून मला अजून उचकी लागते. तो दरसाल वाढतो. माझं व्याज मात्र त्याच चड्डीत बसलेलं आहे.

म्हणून ह्या जूनमध्ये, नव्या हप्त्याचा मेसेज आला त्याच आठवड्यात मी वाडीवर गेलो. महाडच्या घरामागं थोडी जागा आहे. मनाशी सगळं ठरवलं होतं: मामांच्याच पद्धतीनं, हप्त्यामागं एक झाड, आणि पहिलं झाड डाव्या गुडघ्याच्या वंशातलं. मामी घरामागच्या चढावर रोपांपाशी होत्या. मला बघून तरातरा खाली आल्या आणि पुन्हा तरातरा वर निघाल्या. मी मागून धापा टाकत.

"मामी, डाव्या गुडघ्याचं एक रोप द्या. मी आता शहाणा झालोय."

त्या वळल्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"वय काय झालं, भावजी?"

"चौसष्ट."

"साखर?"

"आहे. गोळ्या चालू आहेत."

"आठळीचा फणस धरायला किती वर्षं लागतात, ठाव हाय?"

"सात-आठ."

मामी रोपांपाशी वाकल्या. ओळीतून दोन पिशव्या उचलल्या, माती झटकली आणि एक माझ्या डाव्या हातात दिली, एक उजव्या.

"ही पपई. वर्षात धरते. ही तुम्ही लावा," त्या म्हणाल्या. "आणि हा फणस वहिनींना द्या. त्या टिकतील."